कोंबडीचा तास आणि रडकं गाढव

शाईबाईंचं खरं नाव शाळेच्या दप्तरात आहे आणि ते तिथंच पडून असतं. शाळेत, गल्लीत, भाजीच्या दुकानात, पोस्टात त्या शाईबाईच. उजव्या हाताच्या मधल्या बोटावर, नखाच्या शेजारी, एक निळा डाग आहे. तो साबणानं जात नाही, लिंबानं जात नाही, आणि जावा असं त्यांना वाटतही नाही. लग्नाच्या दिवशी आईनं तो डाग घासून घासून बोट लाल केलं. निळ्याचं जांभळं झालं, एवढंच. नवरा पाट्या रंगवणारा पेंटर. त्यानं ते बोट पाहिलं आणि आपला हात शेजारी धरला. त्याच्या नखांत पिवळा रंग होता. "चला, जमलं," तो म्हणाला, आणि ते खरोखरच जमलं.

डाग कुठून आला हे सांगायचं तर बाईंच्या वडिलांपासून सुरुवात करावी लागते. वडील लोकांना अर्ज लिहून देत. कचेरीच्या भिंतीला लागून एक बाक, त्यावर उतरतं लाकडी मेज, दौत, टाक, आणि डोक्यावर मेणकापडाचा आडोसा. शाळा सुटली की मुलगी बाकाच्या टोकाला येऊन बसायची आणि वाऱ्यानं कलंडू नये म्हणून दौत धरून ठेवायची. समोर माणसं येत. त्यांचं सांगणं ओढ्यासारखं असे. कुठं खळाळतं, कुठं खोल, कुठं वळसा घालून पुन्हा त्याच दगडापाशी आलेलं.

एकदा एक बाई आली. तिच्या घराची भिंत पडली होती, पण ती सांगत राहिली कोंबडीचं. भिंत पडली तेव्हा कोंबडी अंड्यांवर बसलेली. धुरळा उडाला, विटा आल्या, माणसं ओरडत धावली, पण कोंबडी उठली नाही. धुळीनं पांढरी झाली, डोळे मिटून घेतले, पण उठली नाही. हे सांगताना ती बाई रडली, मग हसली, मग कोंबडी कशी बसली होती ते बाकावर बसून तिनं करून दाखवलं. वडिलांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि लिहिलं, की भिंत पडली आहे, तरी पाहणी व्हावी, ही विनंती.

मुलीनं कागद वाचला. उलटा करून मागची बाजूही पाहिली.

"बाबा, कोंबडी कुठं गेली?"

"कोंबडी अर्जात येत नाही, बाळ."

"मग कशात येते?"

वडिलांनी टाक दौतीत बुडवला आणि बराच वेळ बाहेर काढला नाही. "ते तूच शोध बाई," ते म्हणाले.

शोधता शोधता ती मुलगी मोठी झाली, शिकली, प्राथमिक शाळेत शिक्षिका झाली, आणि तिसरीच्या वर्गावर आल्यावर तिला जागा सापडली. दिवसाचा शेवटचा तास तिनं मागून घेतला. त्या तासाला मुलांनी मनाला येईल ते लिहायचं. बाई लाल पेन कपाटात ठेवून कुलूप लावत. कुणी गोठ्यातल्या वासराबद्दल लिही, कुणी काकूच्या घोरण्याबद्दल, कुणी दात पडून तिथं आता काय काय अडकतं त्याबद्दल. पहिल्या दिवशी बाई मुलांना भिंत आणि कोंबडीची ती हकीगत सांगत आणि म्हणत, "इथं कोंबडी सुटता कामा नये." वेळापत्रकात त्या तासाचं नाव 'लेखन' असं होतं. पण मुलांनी त्याला नाव दिलं कोंबडीचा तास, आणि शिपाईसुद्धा घंटा देताना म्हणायचा, "चला, कोंबडी आली."

शाळा साधीच. लांब व्हरांडा, ओळीनं वर्ग, खिडक्यांना हिरवा रंग, मागं हातपंप. हेडमास्तरांना सगळे मोठे सर म्हणत. माणूस सरळ, मनानं मऊ, पण मापाचं वेड भारी. सदऱ्याच्या खिशात घडीची पट्टी कायम असायची. बाकांची उंची, खिडकीची रुंदी, पोरांची वाढ, सगळं ते पट्टीनं मोजत. एकदा वर्गात शिरलेल्या सरड्याची लांबी मोजायला ते वाकले होते, पण सरड्याला तेवढा वेळ नव्हता. अक्षर मात्र त्यांचं मोत्यासारखं. तिसरीला रोज सुलेखनाचा तास ते स्वतः घेत. फळ्यावर एक ओळ काढून देत आणि मुलं पान भरेपर्यंत तीच ओळ उतरवत.

त्या वर्षी तिसरी गणितात मागं पडली. मोठे सर एका दुपारी शाईबाईंच्या वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले आणि पट्टी उघडायला नि मिटायला लागले.

"बाई, गणिताला रोज आणखी एक तास हवा."

"घ्या की, सर."

"तो शेवटचा तास घ्यावा म्हणतो."

बाईंच्या हातातला खडू थांबला. "माझा?"

"रागावू नका. मला सांगा, त्या तासानं काय होतं? अक्षर सुधारत नाही, चुका तुम्ही काढत नाही."

"मुलांना लिहिणं आवडायला लागतं."

"हे तुम्ही म्हणता."

"डोळ्यांनी बघते म्हणून म्हणते."

"डोळ्यांनी भरपूर काही दिसतं, बाई. मला मोजलेलं हवं." मग ते जरा उत्साहानं पुढं सरकले. प्रशिक्षणाला गेले होते तिथं त्यांना एक चाचणी मिळाली होती. मुलांना लिहिण्याबद्दल मनातून काय वाटतं ते मोजायचं. सोपे प्रश्न मोठ्यानं वाचायचे. प्रत्येक प्रश्नापुढं कुठल्यातरी प्राण्याचे चार चेहरे. एक खूप खूष, एक थोडा खूष, एक थोडा नाराज, एक अगदी दुःखी. मुलानं आपल्याला वाटतं तसा चेहरा रंगवायचा.

शाईबाईंचा स्वभाव असा, की कुणी "दाखव" म्हटलं की त्या पदर खोचून उभ्या. "मोजा," त्या म्हणाल्या. "मुलांना लिहिणं नकोसं निघालं, तर तो तास मी माझ्या हातानं तुम्हाला देईन. माझा शब्द."

"आणि हवंसं निघालं, तर मी त्या तासाचं पुन्हा नाव काढणार नाही. हा माझा," सर म्हणाले. "फक्त चाचणी मी घेईन. तुम्ही वर्गात नको. तुमच्याकडं बघून मुलं उगाच हसरा चेहरा रंगवतील."

चेहरे काढायचं काम अर्थातच घरी आलं.

"कुठला प्राणी काढू?" पेंटरनं विचारलं. ओसरीवर रंगाचे डबे, मधोमध तो, कानावर पेन्सिल.

"ज्याच्या तोंडावर मनातलं दिसेल असा."

"मग गाढव. गाढवाचे कान बघ, अगं. आनंद झाला की वर, वाईट वाटलं की खाली. माणसालाही असे कान हवे होते. तू रागावलीस ते मला दारातूनच कळलं असतं."

"ते तुम्हाला तसंही कळतं."

"कळतं, पण फार उशिरा."

त्यानं पहिली तीन गाढवं हसत-खेळत काढली. चौथ्याला मात्र तो थांबला. आजवर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, बाण काढले, 'येथे गाड्या उभ्या करू नयेत' लिहिलं. रडणारं कुणी त्याला कधी काढायला सांगितलं नव्हतं. त्यानं कान खाली सोडले, पापण्या जड केल्या, खालचा ओठ किंचित पुढं आणला, आणि नाकाच्या अर्ध्यावर एक थेंब असा ठेवला की तो आता पडेल, मग पडेल असं वाटावं. बाई चहा घेऊन आल्या त्या तशाच उभ्या राहिल्या.

"अहो, हे काय काढलंत? याला उचलून जवळ घ्यावंसं वाटतं."

"चांगलं झालंय ना?" पेंटर म्हणाला, आणि लाजला.

चाचणीच्या दिवशी बाई व्हरांड्यात बाकावर बसल्या. भिंतीपलीकडून सरांचा आवाज येत होता. त्यांनी कागद वाटले, सूचना दिल्या. मग एक बारीक, टोचणारा आवाज आला. ती टाचणी. मुलगी अंगानं सुईएवढी, आवाज तिच्याहून धारदार, म्हणून तिचं नाव टाचणी पडलेलं.

"सर, प्रत्येक ओळीत एकालाच रंग द्यायचा?"

"एकालाच."

"मग बाकीच्यांचं काय?"

"ते तसेच राहतील."

वर्ग एकदम गप्प झाला. बाईंना वाटलं, मुलं शहाण्यासारखी कामाला लागली. सर वाचू लागले. सुट्टीच्या दिवशी घरी काही लिहायला बसलात तर कसं वाटेल? वर्गात गोष्ट लिहायला सांगितली तर? लिहिलेलं पुन्हा सुधारून लिहायचं असलं तर? प्रत्येक प्रश्नानंतर रंगीत खडूंची खसखस ऐकू येई, आणि ती इतकी मन लावून होती की बाई बाकावर बसून गालातल्या गालात हसत होत्या.

संध्याकाळी सरांनी त्यांना खोलीत बोलावलं. टेबलावर कागदांचा गठ्ठा. सर त्यांच्याकडं बघत नव्हते.

"बसा, बाई."

"उभीच बरी आहे. काय आलं?"

सरांनी गठ्ठा त्यांच्याकडं सरकवला. बाईंनी एक कागद उचलला, मग दुसरा, मग मधूनच एक ओढला. सगळीकडं शेवटचंच गाढव रंगवलेलं. निळं, जांभळं, गुलाबी, एकाला तर सोनेरी ठिपके. गोष्ट लिहायला कसं वाटेल, रडकं गाढव. सुट्टीत लिहायला, रडकं गाढव. एकट्या गुडघ्यानं सगळीकडं दुसरं गाढव रंगवलं होतं. गुडघ्या म्हणजे तो मुलगा, ज्याचा एक तरी गुडघा कायम सोललेला असे.

"मला आनंद होत नाहीये हे सांगताना," सर म्हणाले, आणि ते खरं होतं.

बाईंनी कागद नीट लावून ठेवले. "शब्द दिलाय, सर. सोमवारपासून गणित." एवढं बोलून त्या बाहेर पडल्या. चालताना त्यांना वाटत होतं, आपण इतकी वर्षं भिंतीकडं बघून बोलत होतो की काय. तास गेला त्याचं एक दुःख. पण मुलांचे ते खाली झुकलेले चेहरे, दातांत धरलेली जीभ, वाचून दाखवताना लाल झालेले कान, हे सगळं आपल्याला वाईट वाटू नये म्हणून होतं? मग आपल्या डोळ्यांनी आजवर बघितलं तरी काय?

घरी पेंटरनं तोंड बघूनच ओळखलं. या वेळी उशीर झाला नाही.

"पोरं खोटं वागत नसतात गं इतकी वर्षं," तो म्हणाला.

"कागद खोटं बोलतो का?"

"मी आयुष्यभर पाट्या रंगवतोय. 'ताजा माल' किती ठिकाणी लिहिलंय, विचारू नकोस."

बाईंना हसू येणार होतं, पण त्यांनी ते येऊ दिलं नाही.

शनिवारी अर्धी शाळा. फाटकावरची पाटी पावसानं पुसट झाली होती, ती पुन्हा रंगवायला पेंटर शिडी घेऊन आला. मधल्या सुट्टीत तिसरीची मुलं शिडीखाली गोळा झाली. कुणी डबा धरला, कुणी शिडी, कुणी नुसताच सल्ला.

"काका, ती गाढवं तुम्हीच काढली ना?" टाचणीनं विचारलं.

"मीच. का, आवडली?"

"ते आता बरं आहे का?"

"कोण?"

"ते रडणारं."

पेंटरचा ब्रश अक्षराच्या मधोमध थांबला. तो शिडीवरून दोन पायऱ्या खाली आला. "त्याला काय झालं होतं?"

"ते आम्हाला काय माहीत? तुम्ही काढलंत," टाचणी म्हणाली. "सर म्हणाले एकालाच रंग मिळणार, बाकीचे तसेच राहणार. मग आम्ही सगळ्यांनी त्याला दिला."

"मी सोनेरी ठिपके पण दिले," मागून कुणीतरी म्हणालं.

"अरे, पण हसणाऱ्याला का नाही दिला?"

मुलांनी एकमेकांकडं असं पाहिलं, की काका मोठे आहेत पण थोडे कच्चे आहेत.

"ते हसतच होतं ना," टाचणी समजावून म्हणाली. "त्याला कशाला पाहिजे?"

"मी नाही दिला रडक्याला," गुडघ्या म्हणाला. "मला दुसऱ्याचे कान आवडले."

"दुष्टच आहेस तू," टाचणी म्हणाली.

"आणि सर ते प्रश्न वाचत होते, त्यांचं काय?" पेंटरनं विचारलं.

"वाचत होते की. आम्ही ऐकत होतो. छान वाचतात सर."

पेंटरनं ब्रश डब्यात टाकला, खाली उतरला आणि पिवळ्या हातांनीच धावत व्हरांड्यात गेला. बाई गणिताची पुस्तकं कपाटातून काढत होत्या. मोठे सर त्यांना मदत करत होते, कारण त्यांना काय बोलावं ते सुचत नव्हतं.

"सर, दोष माझा आहे," पेंटर धापा टाकत म्हणाला. "ते गाढव फार चांगलं झालं."

सगळं ऐकून घेतल्यावर सर खुर्चीत बसले. आधी त्यांचे खांदे हलले, मग पोट, आणि मग ते इतके हसले की खिशातली पट्टी खाली पडली. बाई मात्र भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या आणि पदरानं डोळे पुसत राहिल्या. हसत होत्या की रडत होत्या, ते पेंटरनंही विचारलं नाही.

"म्हणजे आपण पोरांची दया मोजली," सर म्हणाले. "भरपूर निघाली. पण बाई, एक गोष्ट आहे. मुलांना लिहिणं नकोसं आहे असं ठरलं नाही, तसं हवंसं आहे असंही नाही. माप पुन्हा घ्यावं लागेल."

"घ्या," बाई म्हणाल्या. या वेळी आवाजात ताठा नव्हता. या वेळी त्यांनाही खरोखर जाणून घ्यायचं होतं.

"मी कुरूप गाढवं काढतो," पेंटर म्हणाला.

"कुरूपाची आणखी कीव येईल," बाई म्हणाल्या. मग त्या पेंटरकडं वळल्या. "अहो, एकच गाढव काढा. ना हसणारं, ना रडणारं. आणि कान काढूच नका."

"बिनकानाचं?"

"कान पोरं काढतील. आवडलं तर वर, नाही आवडलं तर खाली. जेवढं वाटेल तेवढे लांब."

मोठ्या सरांनी खाली पडलेली पट्टी उचलली. त्यांचे डोळे चमकले. "म्हणजे कान मोजता येतील," ते म्हणाले.

सोमवारी सरांनी पुन्हा कागद वाटले. प्रत्येक ओळीत एक बिनकानाचं गाढव, टकलू आणि निर्विकार. त्यांनी आधीच सांगून टाकलं, "हे गाढव सुखी आहे. त्याला काहीही झालेलं नाही. याला कान तुमच्या मनातले द्यायचे."

"आमच्या मनातले म्हणजे आम्हाला वाटतं तसे?" टाचणी.

"तसेच."

"मग त्या दिवशी असं का नाही सांगितलंत?"

सर म्हणाले, "चुकलं माझं, बाई," आणि टाचणीला कुणी 'बाई' म्हणण्याची ती पहिलीच वेळ.

या खेपेला शाईबाई व्हरांड्यात बसल्या नाहीत. हातपंपापाशी गेल्या आणि काहीच भरायचं नसताना दांडा हापसत राहिल्या. पाणी पायांवरून वाहत होतं. वर्गातून आधी काही ऐकू आलं नाही. मग बाकांची खडखड, मग हसणं, मग सरांचा आवाज. "अरे, कागद संपला तिथं थांबा. बाकावर नको. बाकावर नको म्हणतो ना."

शिपाई व्हरांड्यातून हात हलवत आला. "बाई, चला. तुमच्या कोंबडीनं गोंधळ घातलाय."

बाई ओल्या पायांनी वर्गात शिरल्या. मोठे सर एका बाकावर वाकून पट्टी लावत होते. 'कोंबडीच्या तासाला कसं वाटतं' हा प्रश्न त्यांनी मुद्दाम पहिला ठेवला होता. पहिल्या ओळीतल्या गाढवाचे कान कागदाच्या वरच्या कडेला गेले होते आणि तिथं थांबले नव्हते. कड ओलांडून ते लाकडावर उतरले होते. टाचणीचे कान बाकाच्या पुढच्या कडेपर्यंत जाऊन खाली वळले होते, कारण पुढं जागा नव्हती. कुणी शेजाऱ्याच्या कागदाला वळसा घातला होता. कुणी कानांच्या टोकाला पानं-फुलं काढली होती.

"पट्टी पुरत नाही," सर पुटपुटले.

सगळेच कान वर नव्हते. एका मुलानं सगळीकडं खालीच काढले होते, आणि "मला नाही आवडत लिहायला, मला पंप दुरुस्त करायला आवडतो," असं शांतपणे सांगितलं. बाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. गुडघ्याच्या गाढवाचा एक कान वर होता, एक खाली.

"हे काय रे?"

"लिहायला आवडतं, बाई. वाचून दाखवायला लाज वाटते."

हे बाईंना इतक्या दिवसांत कळलं नव्हतं. "उद्यापासून तू नको वाचूस," त्या म्हणाल्या. गुडघ्यानं लगेच पेन्सिल घेतली, खालचा कान खोडला आणि वर काढला.

मग सर एका ओळीपाशी येऊन थांबले. तिथं अख्ख्या वर्गाचे कान खाली होते. हनुवटीच्या खाली, पुढच्या गाढवाच्या डोक्यावर, काहींचे तर पानाच्या तळापर्यंत. प्रश्न होता, फळ्यावरची ओळ पान भरेपर्यंत उतरवायला कसं वाटतं.

"हा माझा तास," सर म्हणाले.

बाईंच्या तोंडाशी आलेलं एक चांगलं वाक्य त्यांनी गिळलं, आणि हे त्यांना फार जड गेलं.

सरांनी पट्टी मिटली, खिशात ठेवली, आणि वर्गाकडं बघितलं. "लांबी भरपूर आहे," ते म्हणाले, आणि स्वतःच हसायला लागले. "बाई, मला गणिताला एक तास हवा होता. सापडला. सुलेखनाचा घेतो. तुमचा तुमच्याकडं राहू द्या."

"आणि अक्षर?"

"ज्याला आपली कोंबडी दुसऱ्यानं वाचावीशी वाटेल, तो अक्षर काढेल. नाही काढलं, तर आपण दोघं बघू."

शिपाई ओलं फडकं घेऊन बाक पुसायला आला. सरांनी त्याला दारातच थांबवलं.

त्याला आता काही वर्षं झाली. टाचणी मोठी झाली, आवाज होता तसाच आहे. तिसरीच्या वर्गात बाक तेच आहेत, आणि त्यांवरच्या रेघा पुसट झाल्या तरी गेलेल्या नाहीत. दर वर्षी नवी मुलं येतात, लाकडावर बोट फिरवतात, आणि कुणीतरी विचारतंच.

"बाई, या लांब लांब रेघा कसल्या?"

"कान आहेत," शाईबाई लाल पेन कपाटात ठेवता ठेवता सांगतात.

"कुणाचे?"

"गाढवाचे."

"मग गाढव कुठं गेलं?"

बाई कपाटाला कुलूप लावतात, निळ्या बोटानं कोऱ्या पानाकडं दाखवतात आणि म्हणतात, "तेच तर लिहायचंय आज."